कंटूर या शब्दाबद्दल

॥ श्री ॥
आंबिवली, ११ जानेवारी

सुदेश,

एका शब्दावर अडलो आहे, म्हणून लिहितो. दुसरं काही कारण नाही.

दिवाळीत फोन केला होता. तू म्हणालास, "बोल." मी म्हणालो, "सहज." तू म्हणालास, "बरं." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांकडचे आवाज ऐकत राहिलो. तुझ्याकडे ठाण्याचे हॉर्न, माझ्याकडे कोंबडा. म्हणून या वेळी कागद घेतला. तुझा पत्ता रसिकाने काढून दिला. ती काकाशी मोबाइलवर बोलते हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही, ते तसंच राहू दे.

शब्द असा आहे: कंटूर.

महापालिकेच्या कार्यालयाबाहेर एक मोठा नकाशा लावला आहे. शहाडच्या पुलापासून वर आपल्या बाजूपर्यंतची नदी. त्यावर बारीक तपकिरी रेघा, अंगठ्याच्या ठशासारख्या, एकीच्या आत एक. कोपऱ्यात इंग्रजीत हा शब्द. खिडकीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "कंटूर म्हणजे कंटूर हो काका. हाइटची लाइन. चला, मागचे पुढे या." मागचे पुढे आले आणि मी बाजूला झालो.

तुझं आयुष्य जमिनीची मोजणी करण्यात गेलं. एक ओळ लिहिलीस तरी पुरे.

घरी ठीक. आईचे गुडघे तसेच. बाबा रोज सकाळी देवाला जातात. मागच्या भिंतीला बांबूंचा टेकू दिला आहे, पण ते काही विशेष नाही.

सीताराम


आंबिवली, २ फेब्रुवारी

सुदेश,

तुझं उत्तर आलं नाही. शेवटी रसिकालाच विचारलं. ती आता कल्याणला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. "पप्पा, मला विचारायचं ना आधी," म्हणाली आणि मोबाइल घेऊन ओटीवर बसली.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी इटलीतून. आधी तो चित्रकारांचा होता. माणसाच्या अंगाची, चेहऱ्याची बाहेरची कड. नकाशावर तो फार उशिरा आला. इटलीत त्याचा अर्थ सभोवती फिरणं, वळसा घालणं. मी म्हटलं, "म्हणजे प्रदक्षिणा." ती म्हणाली, "तसंच काहीसं. थांबा, शब्द अजून मागे जातो." आणि मग तिने वाचलं की मुळात लॅटिनमध्ये तो शब्द लेथवर फिरवण्याचा आहे.

मी चहा खाली ठेवला. "परत वाच."

"पप्पा, लेथच लिहिलंय. तुमचा लेथ."

तुला हसू येईल. शहाडच्या गाळ्यात इतकी वर्षं उभा आहे, पण माझ्या कामाचा इंग्रजीत कुठे वंश चालू असेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चकमध्ये जॉब, लोखंडाचा गोल तुकडा, धरला आणि बघत बसलो. जॉब फिरतो, आपण हत्यार नुसतं टेकवून धरायचं. नको ते निघून जातं आणि जी उरते ती कड. शेठ म्हणाला, "सीताराम, मशीन नवीन बघतोस काय?"

त्याच्याही मागे ग्रीकांत तो शब्द एका अवजाराचा आहे. गोल आखायचं अवजार. खुंटी आणि दोरी असावी असं मला वाटतं, कारण दुसरं काय असणार? रसिका म्हणते टर्न, टूर, रिटर्न ही सगळी त्याच घरातली मंडळी. आणि आज इटलीत हॉटेलात कंटूरच्या सख्ख्या भावाचा अर्थ होतो मुख्य पदार्थासोबतची भाजी. आई आतून म्हणाली, "म्हंजे ताटातली चटणी? मग एवढा वेळ काय वाचताय?"

एवढं लिहून थांबणार होतो. पण तुला वाटेल, पन्नाशीला आलेला माणूस शब्दांच्या मागे कशाला लागला. तर ऐक. त्या नकाशावर तपकिरी रेघांच्या अंगाने एक जाड निळी रेषा गेली आहे. पूररेषा. तिच्या आत बांधकामाला बंदी. आपली अख्खी आळी आत आहे. मागची भिंत उतरवून नवी बांधायला परवानगी मागितली, ती नाकारली. दुरुस्तीलासुद्धा हात लावायचा नाही. भिंत बाहेरच्या बाजूला फुगली आहे. आई त्याच खोलीत झोपते. तिला पुढे आणलं तर ती रात्रीतून अंथरूण उचलून परत तिथेच जाते.

बांबू दोन होते, आता पाच आहेत.

सीताराम


आंबिवली, १५ फेब्रुवारी

सुदेश,

तू उत्तर देत नाहीस, तरी लिहिताना तू समोर बसलास असं वाटतं. म्हणून लिहितो.

कंटूर म्हणजे काय ते मी परातीत करून बघितलं. परातीत एक ओबडधोबड दगड ठेवला आणि हळूहळू पाणी ओतलं. पाणी थांबलं की दगडाभोवती ओली कड उमटते. तीच कंटूर. अजून ओतलं की दुसरी, जरा वर, जरा लहान. एका कडेवरचे सगळे बिंदू सारख्या उंचीवर. पाणी आलं तर त्यांच्याकडे एकाच वेळी येणार. पाण्याला कोण कुणाचा ते कळत नाही. मला ते आवडलं. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हाही तेच डोक्यात होतं.

पण मग एक गोष्ट जुळेना. दोन हजार पाचच्या त्या जुलैत पाणी कलावतीआत्याच्या खालच्या पायरीला लागून मागे फिरलं होतं. तूही होतास. आपल्या उंबऱ्याला थेंब नाही. नवा नकाशा म्हणतो की त्याहून कमी पाण्यातही आत्याची पायरी, आत्याचा ओटा, आपला उंबरा, सगळं बुडेल. पाणी तेच, नदी तीच. मग नकाशाच्या हिशेबाने आपण कमरेएवढे खाली कधी गेलो? जमीन खचली असती तर सगळ्यात आधी त्या भिंतीला कळलं असतं.

आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "आपण खाली नाय गेलो रं. कागूद वर गेला."

त्या पुरात आपल्याकडे एकच बुडालं होतं. देव. नदीकडच्या वाटेवर जमिनीलगत बसलेला, शेंदराचा. दोन दिवस तो पाण्याखाली होता आणि बाबा दोन दिवस जेवले नव्हते. पुढच्या चैत्रात गावाने ठरवलं, देवाला उंच ओटा बांधायचा. नवीन ओटा झाला, वाजंत्री आली. तू डिप्लोमा करून नुकता नोकरीला लागलेला. तू गर्दीतून पुढे आलास आणि म्हणालास, "हा दगड हलवू नका." बाबांनी सगळ्या गावासमोर तुझ्या थोबाडीत मारली. तू त्या दिवशी गेलास तो गेलास.

गेली वीस वर्षं गावात सगळे एवढंच सांगतात की धाकूच्या धाकट्याने देवाला दगड म्हटलं. मीही तेवढंच धरून होतो. परातीत पाणी ओतताना तुझं पुढचं वाक्य आठवलं. ते वाजंत्रीत बुडालं होतं, पण मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू म्हणालास, "याच्यावरून उंच्या मोजतात."

सुदेश, तो देव मी डोक्यावर घेऊन ओट्यावर बसवला. तू एवढंच कळव, मी समजतो आहे ते बरोबर आहे का?

सीताराम


आंबिवली, ८ मार्च

सुदेश,

काल रसिका मोबाइल घेऊन आली. "काकाचा मेसेज आहे, तुमच्यासाठी." तू लिहिलं होतंस: दादाला विचार, देव किती उचलला होता.

देव लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं.

उत्तर: माझ्या कमरेपर्यंत. डोक्यावरून उतरवून ठेवताना ओट्याची कड माझ्या पट्ट्याला लागली होती, म्हणून आठवतं. देव खाली जमिनीवर होता तेव्हा जेवढा शेंदूर होता तेवढाच आताही आहे. नवा चढला असेल तो वेगळा.

आणि तू विचारलं नाहीस तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मोजणीवाली दोन पोरं आली होती, तिवईवर दुर्बीण, लाल-पांढरी पट्टी. त्यांच्या जुन्या यादीत आपल्या देवाची उंची लिहिलेली होती. बूट काढून, हातपाय धुऊन आले. म्हणाले, "बाबा, देवाच्या डोक्यावर पट्टी ठेवू का? पाप नाही ना लागणार?" बाबांनी आधी नारळ फोडायला लावला. मग पट्टीखाली स्वतःचं धुतलेलं उपरणं घडी करून घातलं. पोरांनी वाकून नमस्कार केला आणि काम केलं. मी त्यांना चहा नेऊन दिला. बाबा आठवडाभर गावात सांगत होते, सरकारने आपल्या देवाची उंची लिहून नेली.

पोरांनी यादीतली जुनीच उंची धरली, देव मात्र वर गेलेला. त्याच्यावरून मोजली ती सगळी आळी तेवढीच खाली गेली. आम्ही देवाला पाण्यातून वर काढलं आणि स्वतः कागदावर पाण्यात गेलो.

तुझा दुसरा मेसेज संध्याकाळी आला. कल्याणच्या बाजूला दुसरा खुणेचा दगड शाबूत आहे, तिथून उंची मोजत आपल्यापर्यंत चालत यावं लागेल. पट्टी आपल्या दगडावरच्या कोरीव खुणेवर टेकायला हवी, म्हणजे देव यादीपेक्षा किती वर गेला ते सिद्ध होईल. खूण उघडी हवी. शेवटी लिहिलंस: बाबांना विचार. मी येणार नाही तोपर्यंत.

आता माझी अवस्था सांगतो. लहानपणी खळ्यावर बैल मेढीला बांधून फिरवायचे, आठवतं? मधे खांब, गळ्यात दोर. दोर जेवढा तेवढाच गोल. कोपऱ्यात हिरवा चारा दिसतो, पण दोर पुरत नाही. रसिकाने सांगितलेल्या त्या ग्रीक अवजाराची मला आता धास्ती वाटते. खूण उघडी केल्याशिवाय रेषा हलत नाही. शेंदूर काढल्याशिवाय खूण उघडी होत नाही. बाबांना विचारल्याशिवाय शेंदराला हात लावता येत नाही. आणि विचारायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागतं.

रेषेवर लोकांनी घेतलेल्या हरकतींची पाहणी एप्रिलच्या अखेरीस आहे. त्यानंतर रेषा कायम.

सीताराम


आंबिवली, २२ मार्च

सुदेश,

विचारलं.

सकाळी त्यांच्याबरोबर देवाला गेलो. ते वाटीत तेल आणि शेंदूर कालवत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नकाशा, रेषा, परात, पट्टी. तुझं नाव घेतलं. त्यांचं बोट वाटीत तसंच राहिलं.

"त्यानं पाठवला तुला?"

"नाही. मीच त्याला पत्रं लिहिली."

"कितीक?"

"बरीच."

"आन तो काय बोलतो? दगड?"

"देव म्हणतो, बाबा. देव किती उचलला, असं विचारलं त्याने."

शेंदूर लावून झाला, फूल ठेवलं. मग ओट्याच्या कडेवर बसले आणि मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. तुलाही माहीत नसेल.

आपली आजी लहान सून होती तेव्हाची. नदीवरून पाणी आणत होती. एक गोरा साहेब घोड्यावरून आला. वाटेवरच्या या दगडाजवळ उतरला, टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि डोळे बारीक करून दगडाकडे बघत राहिला. हाताने माती पुसली. मग परत टोपी घालून गेला. पुढे दर काही वर्षांनी कुणी ना कुणी यायचा आणि तसाच वाकायचा. आजी घरी येऊन सासूला म्हणाली, "ज्याच्यापुढं साहेब टोपी काढतो तो आपल्या वाटेवर उपाशी बसलाय." दुसऱ्या दिवशी तिने पहिला शेंदूर लावला.

मी हसलो. हसायला नको होतं.

बाबा म्हणाले, "हस. पन सत्तर वर्सं मी हितं हात जोडले. तुझी आई बाळंतपणात जात व्हती, तवा हितंच बसलो व्हतो. तो धाकटा झाला त्या टायमाला. त्याला सांग. ज्या दगडाला तू दगड बोलला, त्याच्या म्होरं तुझा बाप तुझ्यासाठी रडला." मग उठले. "शेंदूर काढायचा नाय."

आणि घराकडे चालू लागले.

मी त्यांना काय सांगणार? माझेही हात तिथेच जोडले जातात. साहेब कशासाठी वाकला ते मला आता कळलं आहे, तरी काल गाळ्यावर जाताना माझी चप्पल तिथे आपोआप निघाली. तू म्हणतोस ते खरं आहे, आणि बाबा रडले तेही खरं आहे. दोन्हींच्या मधोमध मी राहतो, त्या घराची भिंत फुगली आहे.

आईला यातलं काही सांगितलं नाही. तिने आज स्वतःहून विचारलं, "भिंत पडली तर माझ्या अंगावर पडंल का बाहेर?"

मी म्हटलं, "बाहेर."

"मग ठीक हाय," म्हणाली.

सीताराम


आंबिवली, ३ एप्रिल

सुदेश,

काल चैत्र पौर्णिमा झाली. हे पत्र लगेच टाकतो आहे. रसिका म्हणाली फोटो पाठवते, मी नको म्हटलं.

परवा सकाळी बाबा देवाला गेले ते लवकर परत आले नाहीत. बघायला गेलो. ते देवापुढे बसून बोटाच्या पेराने शेंदरावर टकटक करत होते. एका बाजूने भरीव, दुसऱ्या बाजूने पोकळ आवाज. मला म्हणाले, "ऐक."

"पोकळ झालाय," मी म्हणालो.

"शेंदराची खोळ सुटली. देव आपनहून अंगरखा काढतो तवा मानसानं आडवायचं नसतं."

सुदेश, खोळ खरंच सुटली होती. पण ती गेल्या गणपतीपासून सुटलेली होती, मी फुलं वाहताना बघितलं होतं. बाबांनी रोज तेलशेंदूर भरून भरून तिला धरून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी वाटी आणलीच नव्हती. हे मी त्यांना बोललो नाही. तूही कधी बोलू नकोस.

पौर्णिमेला सगळी आळी जमली. वाजंत्री नको म्हणाले. त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी खोळ उतरवली. पुरणाच्या पोळीएवढा जाड तुकडा, आतून काळपट, त्यावर थरावर थर. वीस वर्षांचे, पन्नास वर्षांचे, आजीचे. कडेने बघितलं तर एकीच्या आत एक बारीक रेघा. मला तो नकाशा आठवला. खोळ परातीत ठेवून नदीपर्यंत मीच नेली आणि पाण्यात सोडली.

परत आलो तर देव उघडा. साधा काळा दगड, आपल्या वाटेवर असतो तसा. बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या. समोरच्या अंगाला एक आडवी रेघ कोरलेली आणि तिच्याखाली तिला टेकलेला बाण. बाबांनी त्या रेघेतली माती नखाने काढली, अगदी लहान मुलाचे कान साफ करतात तशी. मग म्हणाले, "आई बोलायची, देवाच्या अंगावर बाण हाय. मला वाटायचा, म्हातारी कायपन बोलते."

कलावतीआत्या म्हणाली, "आता घाला की लवकर शेंदूर. उघडा किती वेळ ठेवनार?"

"ठेवनार."

"अगं बाई! देवाला असा उघडा?"

"चैत्र हाय," बाबा म्हणाले. "थंडी नाय वाजत त्याला."

आत्याचा धीर सुटला. "धाकूदादा, पर कवापर्यंत?"

बाबा माझ्याकडे बघून बोलले. "त्याला लिव. पट्टी मी धरीन. देवावर दुसऱ्या कुनाचा हात नको. त्यानं लांबून बघायचा, त्याच्या यंत्रातून. बोलला नाय तरी चालंल. पन तो बघून जाईपर्यंत मी शेंदूर लावनार नाय."

त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मी उगीच तुला गोड करून सांगत नाही. घरी आले, जेवले नाहीत. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बोटाला शेंदूर नाही, आणि ते बोटाकडे बघत बसतात. आज सकाळी रिकामी वाटी घेऊन गेले होते, तशीच घेऊन परत आले.

आणि रेषा अजून तिथेच आहे. तू मोजून गेलास तरी कार्यालय मानेल का, पाहणीला आलेला साहेब वाकून बघेल का, मला माहीत नाही. भिंतीला सातवा बांबू लावला.

तरी एक सांगतो. तू कल्याणच्या त्या दगडापासून निघशील, दुर्बीण लावत, थांबत, पुन्हा चालत, नदीच्या वळणावळणाने आपल्या देवापर्यंत येशील, आणि चूक निघते का बघायला मोजत मोजत परत त्या दगडाकडे जाशील. हे तूच सांगायचास, मोजणीत जिथून निघालो तिथे परत येऊन ताळा जुळवावा लागतो. देवाला फेरी मारत नाही म्हणून बाबा तुला लहानपणी किती बोलायचे. ही फेरी ओट्याभोवतीच्या फेरीपेक्षा मोठी होईल. त्यांना हे मी सांगणार नाही. तुला सांगितलं.

तुझ्याकडे डिप्लोमाच्या वेळची जुनी दुर्बीण अजून असेल तर तीच आण. तू एकदा मला तिच्यातून दाखवलं होतंस, समोरचा माणूस उलटा दिसायचा, पाय वर, डोकं खाली. बाबा पट्टी धरून उभे असतील. त्यांचा हात थरथरतो, पट्टी हलेल. तू घाई करू नकोस. हात स्थिर होईपर्यंत बघत राहा.

देव उघडा आहे.

दादा